रस्त्याकडे तोंड केलेली खुर्ची

साखर पेठेतल्या त्या दुकानात आरसा होता, चांगला पुरुषभर उंचीचा, पण गिऱ्हाइकाला तो दिसायचा नाही. खुर्ची आरशाकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून फरशीत चार बोल्टांनी पक्की केलेली होती. म्हणजे केस कापून घेताना तुम्ही पेठेतली रहदारी बघायची आणि पेठेनं तुम्हाला बघायचं. नवीन माणूस आला की आधी खुर्ची फिरवायला जायचा. ती फिरायची नाही. मग तो दुकानाच्या मालकाकडे बघायचा. मालक कैची हवेतच दोनदा वाजवून म्हणायचे, "बसा. तोंड तुमचंच हाय. घरी जाऊन बघा."

त्यांना सगळे वस्ताद म्हणत. मूळचे मंद्रूपचे. तिथल्या आठवडी बाजारात पोतं अंथरून बसत, मग सोलापुरात आले आणि या एका खणाच्या दुकानात त्यांची तीस वर्षं गेली. माझ्याकडे सलूनला लागणाऱ्या मालाची एजन्सी आहे. मशिनं, कैच्या, खुर्च्या, वस्तरे, क्रीमचे डबे. जिल्ह्यातलं असं एक सलून नाही जिथं माझा चहा झालेला नाही. वस्तादांनी माझ्याकडून पाच-सहा वर्षांत वस्तऱ्याची पाती सोडून काही घेतलं नाही. तरी मी पंधरा दिवसांनी त्यांच्याकडे जायचो, आणि दाढीही तिथंच करायचो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वस्तादांचा उजवा हात थरथरायचा. रिकामा असला की थरथरायचा, कामाला लागला की थांबायचा. कंपवाताची ती सुरुवात होती. ही गोष्ट त्यांनी पेठेपासून, गिऱ्हाइकांपासून आणि माझ्यापासून कित्येक वर्षं लपवली. का लपवली हे वेगळं सांगायला नको. या धंद्यात माणूस डोळे मिटून आपला गळा दुसऱ्याच्या हाती देतो. हात हलतो एवढं एकदा कानावर गेलं, की पुढचं कुणी ऐकून घेत नाही.

मला हे कळलं ते फार उशिरा, आणि माझ्यामुळेच सगळ्यांना कळलं.

त्यांच्या सवयी विचित्र होत्या आणि मला त्या फार आवडायच्या. त्यांचा हात कधी रिकामा नसे. केस कापणं थांबलं की कैची हवेत चालू. कैची ठेवली की नॅपकिन पिळायचे, कोरडा असला तरी. चहा बशीत ओतून, बशी दोन्ही हातांनी धरून, पेठेकडे पाठ करून प्यायचे. नमस्काराला नुसती मान हलवायचे. हस्तांदोलनाला कुणी हात पुढे केला तर त्या हातात वर्तमानपत्र द्यायचे आणि म्हणायचे, "वाचत बसा, नंबर यील."

कामाचे नियमही त्यांचे स्वतःचे होते. पहिला नियम करंगळीचा. हातात कैची असो, मशीन असो की वस्तरा, आधी करंगळी गिऱ्हाइकाच्या डोक्याला किंवा गालाला टेकायची, मग पातं. "करंगळी टेकल्याबिगर पातं टेकवायचं न्हाय," ते म्हणत. "करंगळीला कळतं माणूस घाबरलाय का ते." दुसरा नियम आरशाचा. आरसा का नको, याची त्यांच्याकडे वेगवेगळी कारणं तयार असत आणि विचारणाऱ्याच्या वकुबाप्रमाणे ती बदलत. एकाला सांगत, आरशात बघताना माणूस मान ताठ करतो, मग मागं एक बाजू चढती. दुसऱ्याला सांगत, आरसा दिसला की गिऱ्हाईक सूचना करायला लागतं. मला एकदा म्हणाले, "आरशात माणूस सोताला बघतच न्हाय. दुसऱ्याला कसा दिसंल ते बघतो. मग दुसऱ्यालाच बघू द्या की."

हे मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं. मला वाटलं, अखेर आपल्याला आपल्यासारखा एक माणूस भेटला.

असं वाटण्याचं कारण म्हणजे आमच्या सलूनवाल्यांच्या संघटनेचे शो. वर्षातून एकदा तरी सोलापुरात शो होतो. होटगी रोडच्या बाजूला एखादं मंगल कार्यालय घ्यायचं, वधूवरांची सिंहासनं मागं लोटायची, त्यावर काळं कापड टाकायचं, धुराचं यंत्र आणायचं आणि मोठा पडदा लावायचा. मग मुंबईहून कारागीर येतो. त्याला कारागीर म्हणायचं नाही, आर्टिस्ट म्हणायचं. तो धुरातून बाहेर येतो, हातातलं मशीन वर धरतो आणि संगीत थांबतं. मग तो यंदाचा ट्रेंड सांगतो. एका वर्षी कानामागं गोल साफ करायचं असतं, दुसऱ्या वर्षी मानेवर केस सोडायचे असतात, तिसऱ्या वर्षी कपाळावर पट्टी लावून कापल्यासारखी सरळ झालर. ट्रेंड नेमका कुठून येतो हे कुणी विचारत नाही. मीही विचारत नाही, कारण त्या ट्रेंडला लागणारं मशीन माझ्याच गोदामात असतं. जिल्ह्यातून आलेले दोनशे-तीनशे कारागीर मोबाइल उंच धरून उभे राहतात, आणि मशीनच्या प्रत्येक फेरीला टाळ्या वाजवतात.

वस्ताद प्रत्येक शोला येत आणि शेवटच्या रांगेत बसत. मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हात पिशवीत. सगळं कार्यालय टाळ्या वाजवत असताना हा एकटा माणूस वाजवत नसे. मी माइकवर असायचो. निवेदन माझ्याकडे असतं, कारण 'खूप खूप' हा शब्द न वापरता तीन वाक्यं बोलू शकणारा आमच्या कमिटीत दुसरा नाही. वरून मला ते न वाजणारे हात दिसत आणि समाधान वाटे.

एकदा शो संपल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं, वस्ताद?"

"धूर लई केला."

"आणि कट?"

"कट बरा हाय. हात चांगलाय त्याचा." मग म्हणाले, "मंद्रूपच्या बाजारात मी ह्योच कट मारायचो की. खालनं साफ, वर राखायचं. माणसं म्हनायची, असा मार की दोन महिनं परत येयाला नको. आता ह्ये म्हनत्यात आठ दिवसाला परत या. कट त्योच हाय, एजंट. गिऱ्हाईक बदललं."

ते मला एजंट म्हणत. त्यात थोडी थट्टा असे. ती मला मानाची वाटे.

आमच्या संघटनेची स्मरणिका निघाली तेव्हा मी त्यांच्यावर लेख लिहिला. नाव घातलं नाही, पण पेठेत सगळ्यांनी ओळखलं. दिखाऊपणाच्या या काळात एक माणूस आरशाकडे पाठ करून कसा उभा आहे, टाळ्या न वाजवता कला कशी बघतो, नमस्कार-चमत्कारात वेळ कसा घालवत नाही, असं सगळं त्यात होतं. लेख लोकांना आवडला. दोघा-तिघांनी फोन केले. वस्तादांना मी अंक नेऊन दिला. त्यांनी तो गुंडाळला, उजव्या हातात घट्ट धरला आणि मी जाईपर्यंत धरूनच ठेवला. मला त्याचंही कौतुक वाटलं.

दोन वर्षांपूर्वीच्या शोची तयारी चालू असताना माझ्या डोक्यात आलं की यंदा वस्तादांनाच वर चढवायचं. मुंबईचा आर्टिस्ट आधी आपलं बिनवायरचं मशीन चालवेल, मग वस्ताद आपलं जुनं हातमशीन. वीज नाही, केसांची लांबी ठरवणारा गार्ड नाही, नुसता कंगवा आणि मूठ. लोकांना फरक कळेल. खरं सांगायचं तर फरक लोकांना कळावा यापेक्षा तो मी दाखवला हे कळावं, अशी माझी इच्छा होती.

मी दुकानात जाऊन विषय काढला. खुर्चीत अण्णा बसलेले होते. अण्णांचे पेठेच्या मागच्या बाजूला चादरीचे माग आहेत, घरात तेलुगू आणि बाहेर सोलापुरी मराठी, रोज सकाळी दाढीला येणार. तोंडाला साबण असतानाही बोलणं थांबायचं नाही.

"वस्ताद, यंदा डेमो तुम्ही द्यायचा," मी म्हणालो.

"कशाचा?"

"हातमशीनचा. त्यांच्याकडे बॅटरी आहे, तुमच्याकडे हात आहे."

वस्तादांनी वस्तरा अण्णांच्या गालावरून उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. "हात हाय," ते म्हणाले. "त्येच तर."

"जावा की वस्ताद," साबणातून अण्णा म्हणाले. "आमच्या पेठेतलं कोण तरी त्या पडद्यावर दिसू द्या की. दर वेळी मुंबईचंच थोबाड बघायचं काय?"

"तुमी गप बसा. कापंल."

त्या दिवशी नाही म्हणाले. आठ दिवसांनी परत गेलो, नाहीच म्हणाले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दुकानात कुणी नव्हतं आणि ते हातमशीनला तेल देत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन गोष्टी हायत. मशीन हातात घेऊनच वर येनार आनी हातात घेऊनच खाली उतरनार. दुसरं कायबी हातात द्यायचं न्हाय."

"आणि दुसरी?"

"शाल-नारळ न्हाय. काम करनार, उतरनार."

"एवढंच?"

"एवढंच लई हाय, एजंट. पाळा."

मी शब्द दिला.

कमिटीत अध्यक्षांना ही अट सांगितली तेव्हा ते हसले. "सत्तरीचा माणूस स्टेजवर आणायचा आणि शाल-श्रीफळ न देता उतरवायचा? लोक आपल्या तोंडात शेण घालतील. तो नको म्हणणारच. नको म्हणायचं असतं, आपण द्यायचं असतं." खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे सत्कार नाकारणं हाही सत्काराचाच पहिला भाग असतो. मी विरोध केला असं म्हणायला हवं, पण केला नाही. कारण माझ्या खिशात दोन पानी मानपत्र तयार होतं. ते मीच लिहिलं होतं आणि ते वाचायची संधी मला सोडवेना. वस्तादांना आयत्या वेळी कळलं तर राग येईल, पण मग बरंही वाटेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शोच्या दिवशी मुंबईच्या आर्टिस्टनं आपलं काम केलं. तिशीचा माणूस, दंडावर कैची गोंदलेली, बोलणं अर्धं इंग्रजी. निवेदनात मी त्याला दोन-तीन बारीक चिमटे काढले, ते त्याला कळले नाहीत किंवा त्यानं कळू दिले नाहीत. मग संगीत बंद झालं. वस्तादांना शोभेल असं काही डीजेकडे नव्हतंच.

ते डाव्या बाजूच्या जिन्यानं वर आले. पांढरा सदरा, पांढरं धोतर, उजव्या मुठीत हातमशीन. खुर्ची प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवलेली होती, त्यांच्या दुकानासारखी. तीत एका व्यायामशाळेचा ट्रेनर बसला होता, बैलासारख्या मानेचा. वस्ताद त्याच्या मागे गेले आणि डाव्या हाताचा तळवा त्याच्या डोक्यावरून एकदा फिरवला. मग उजवी करंगळी कानामागं टेकली आणि मशीन चालू झालं.

कॅमेरा हातावर होता. मागच्या पडद्यावर तो हात दरवाजाएवढा दिसत होता. नखं, शिरा, अंगठ्यावरचा जुना व्रण. आणि हातमशीनची ती कटकट, वस्तादांच्या कॉलरला कुणी तरी लावलेल्या माइकमधून सगळ्या कार्यालयात ऐकू येत होती. कंगवा वर सरकायचा, त्याचा कोन थोडा बदलायचा, मशीन त्यावरून जायचं. मानेपासून वर केसांची सावली अशी चढत गेली, की कुठून सुरू झाली आणि कुठं संपली ते बोट ठेवून सांगता येऊ नये. वीस मिनिटं लागली असतील. कुणी टाळी वाजवली नाही. मुंबईचा आर्टिस्ट विंगेतून पुढे येऊन वाकून बघत होता. तो हात एकदाही हलला नाही.

काम झालं. वस्तादांनी ट्रेनरच्या मानेवर फुंकर मारली आणि जिन्याकडे वळले. मशीन मुठीतच होतं.

"थांबा, वस्ताद," मी माइकवर म्हणालो.

अध्यक्ष पुढे झाले. कुणी तरी शाल टाकली. अध्यक्षांनी त्यांच्या मुठीतलं मशीन हलकेच काढून टेबलावर ठेवलं आणि हातात नारळ दिला. मी खिशातलं मानपत्र काढलं, प्रेक्षकांकडे तोंड केलं आणि वाचायला लागलो.

पडदा माझ्या पाठीमागे होता. दुसऱ्या परिच्छेदाला कार्यालय एकदम शांत झालं. एवढी शांतता मला माइकवर कधी मिळाली नव्हती. मला वाटलं, मजकूर पोचतोय. मी आवाज थोडा खाली आणला, विराम मोठे घेतले. आरशाकडे पाठ करण्याचं ते वाक्य आलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या एकानं शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघंही माझ्या डोक्यावरून मागे बघत राहिले. मग मी वळलो.

पडद्यावर नारळ थरथरत होता. दरवाजाएवढा हात, त्यात नारळ, नारळाची शेंडी सारखी हलत होती. कॅमेरावाल्याला वाटलं असावं हीच तर भावना, म्हणून तो आणखी जवळ गेला. वस्तादांनी डावा हात उजव्यावर ठेवून दाबून धरला, तर दोन्ही हलायला लागले. ते नारळाकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. टेबलावरच्या मशीनकडे बघत होते. ते चार पावलांवर होतं आणि मधे अध्यक्ष उभे होते.

माझ्या हातात मानपत्राचं दुसरं पान होतं. मी काहीच केलं नाही.

केलं ते मुंबईच्या त्या आर्टिस्टनं. तो विंगेतून आला, वस्तादांच्या हातातून नारळ काढून अध्यक्षांच्या हातात दिला, टेबलावरचं मशीन उचलून वस्तादांच्या मुठीत ठेवलं, आणि ट्रेनरला उठवून स्वतः खुर्चीत बसला. "वस्ताद, माझी पण मान साफ करा ना," तो म्हणाला. "सकाळपासून टोचतेय."

वस्तादांनी त्याच्या मानेला करंगळी टेकली. पडद्यावर हात थांबलेला सगळ्यांना दिसला. पण तोवर मोबाइल खाली गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून जी चित्रफीत फिरली ती वीस सेकंदांची होती आणि तीत फक्त नारळ होता. कुणी तरी तीवर ढोलकीचा ठेका घातला होता.

मी दीड महिना साखर पेठेत गेलो नाही. दाढी घराजवळच्या सलूनमध्ये करायला लागलो. तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून, असं मी बायकोला सांगितलं. ते खरं होतं. पण त्या पडद्यावरचा हात आठवला की माझाच हात गळ्याकडे जायचा, हेही तेवढंच खरं होतं.

अण्णा मला बाळीवेशीत भेटले. "काय हो एजंट, तुमीच वस्तादांना स्टेजवर बोलावलात, तुमीच येईना झालात?"

"कसे आहेत वस्ताद?"

"बसून असतात. दिवसाला दोन-तीन माणसं. म्हातारी सगळी. पोरं समोरच्या सलूनमधी जातात आणि तिथनं इकडं बघून हसतात."

"तुम्ही जाता?"

"रोज जातो की." अण्णांनी गाल पुढे करून दाखवला. "हातमाग होता तवा माझ्या बापाचं असंच. मागावर बसला की धोटा सरळ. सणाला बसून राहिला की चहा सांडायचा. सणाचे दिवस त्याला आवडायचे नाहीत. आमाला काय नवीन हाय?" मग जाता जाता म्हणाले, "आणि ती खुर्ची काय जन्मापासून तशी नव्हती, एजंट. सहा-सात वर्षांखाली फिरवली. आमी विचारलं, तर कायबाय सांगितलं. आमी सोडून दिलं. तुमी पुस्तकात लिवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. दुकानाच्या फरशीत चार भोकं होती, ताज्या सिमेंटनं बुजवलेली. खुर्ची आरशाकडे तोंड करून उभी होती. वस्ताद बाकड्यावर बसले होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवर हलत होता. त्यांनी नॅपकिन शोधला नाही.

"या, एजंट."

"वस्ताद, मी शब्द दिला होता."

"व्हय. दिला होता." मग म्हणाले, "चूक माझीबी हाय. डॉक्टर म्हनला होता, बसलात की हात हलनार, कामात न्हाय हलनार. मी म्हनलं मग बसतोय कोन. सहा वर्सं बसलो न्हाय. पन त्या पडद्यावर एकदा दिसावा असं मलाबी वाटलं की. कामातला हात. तेवढाच."

"तो दिसला," मी म्हणालो. "वीस मिनिटं दिसला."

"कुनी ठेवला त्यो मोबाइलमंदी?" त्यांनी विचारलं.

भिंतीवरच्या फळीवर आमची स्मरणिका गुंडाळलेली तशीच होती. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. "लेख बरा लिवला होता तुमी. खरं न्हवतं त्यात काय. पन माझ्या कामाला आला. चार वर्सं मला कुनी खुर्चीचं इचारलं न्हाय. इचारलंच तर अण्णा म्हनायचे, पुस्तकात वाचा."

मी खुर्चीकडे बोट केलं. "आणि आता?"

"आता झाकायचं काय? हात आरशात बघू द्या की." ते उठले आणि कापड झटकलं. "ज्याला बसायचं हाय त्यानं डोळं उघडं ठेवून बसायचं. हवेत हात हलंल, ते सोडा. करंगळी टेकल्यावर हलला, तर उठून जायाचं. मला सांगत बसायचं न्हाय. दोघांतल्या एकाला तरी कळाय पायजे कवा थांबायचं ते. बसताय का?"

मी बसलो. इतक्या वर्षांत त्या आरशात मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं, आणि माझं लक्ष स्वतःकडे नव्हतं. वस्तरा हवेतून आला तो हलत आला. माझे पाय कापडाखाली आखडले. मग करंगळी गालाला टेकली आणि हात थांबला. हळूहळू नाही, एकदम. "घाबरलाय," वस्ताद म्हणाले. "ऱ्हावा तसंच. पन मान सोडा."

पुढं दीड वर्ष ते दुकान तसं चाललं. काही माणसं परत आली, बरीच आली नाहीत. व्यायामशाळेचा तो ट्रेनर दर पंधरा दिवसांनी यायचा आणि रस्त्यावरून जाणारा कुणी हसला तर खुर्चीतूनच मान वळवून बघायचा. मग हसणं कमी झालं. मुंबईच्या आर्टिस्टनं आपल्या मानेचा फोटो छापून पाठवला होता. वस्तादांनी तो आरशाच्या कोपऱ्यात खोचला. मी त्यांच्यावर पुन्हा काही लिहिलं नाही. निवेदन करायचंही सोडलं. आता कमिटीतला दुसरा एक जण करतो, आणि तो 'खूप खूप' म्हणतो, आणि कुणाचं काही बिघडत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी दाढीला बसलो होतो. डावा गाल झाला. वस्ताद उजवीकडे आले, साबण पुन्हा एकदा फिरवला, वस्तरा पुसला. हात हवेतून हलत आला, रोजच्यासारखा. करंगळी गालाला टेकली.

हात थांबला नाही.

पातं अजून गालापासून दोन बोटं लांब होतं. त्यांनी करंगळी उचलली, सदऱ्याची बाही सारखी केली, आणि परत टेकली, या खेपेला जरा दाबून. माझ्या गालाला तिची थरथर लागत होती. मी आरशात बघत होतो. उठायचं ठरलं होतं. मी उठलो नाही. नजर खाली वळवून कापडावरचा साबणाचा ठिपका बघत बसलो.

"बघितलं न्हवं तुमी?" वस्ताद म्हणाले.

"काय?"

"बघितलं." त्यांनी वस्तरा मिटला. आवाजात राग नव्हता. "तुमी न्हाय उठनार, एजंट. तुमचं तोंड बघूनच कळलं. आरसा लई कामाचा." मग खुर्चीच्या मागून पुढे आले आणि माझ्या गळ्याचं कापड काढून घेतलं. गाठ सोडायला वेळ लागला. मी मदतीला हात पुढे केला नाही, एवढं तरी मला तोवर कळलं होतं.

"समोर जावा," ते म्हणाले. "ऱ्हायलेली बाजू त्यो करंल. हात चांगलाय त्याचा."

अर्ध्या तोंडाला साबण तसाच घेऊन मी साखर पेठेचा रस्ता ओलांडला. लोकांनी बघितलं. समोरच्या सलूनमध्ये खुर्ची माझ्याच एजन्सीची, मशीन माझंच. तिथल्या कारागिरानं मला बसवलं आणि वस्तऱ्यात नवीन पातं घातलं. त्याच्या आरशात रस्त्यापलीकडचं दुकान दिसत होतं.

वस्तादांनी खुर्ची ओढत, थांबत थांबत, पुन्हा रस्त्याकडे फिरवली. या वेळी तीत ते स्वतः बसले. दोन्ही हात मांड्यांवर उघडे ठेवले. उजवा हलत होता, आणि जाणारी-येणारी माणसं तो बघत होती, आणि ते माणसांना बघत होते.